बुडीवाली आत्या

मुलीचं पुस्तक गाजतंय ही बातमी कवळीवाल्यांना सगळ्यांत शेवटी कळली. आधी ती औषधाच्या दुकानात पोचली, मग पेपरच्या स्टॉलवर, तिथून दातांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा कवळीवाले एका खालच्या जबड्याच्या साच्यात मेण ओतत होते. हात अडकलेले, म्हणून फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला.

"अहो, लेकीने नाव काढलं! राजधानीतला एवढा मोठा पुरस्कार, आणि तुम्ही गप्प?"

"कसला पुरस्कार?" कवळीवाल्यांनी विचारलं, आणि मेण साच्याच्या बाहेर गेलं.

कवळीवाले म्हणजे कवळ्या बनवणारे. त्यांना खरं नाव होतं, पण गावात ते कुणाच्या ओठांवर नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं दुकान चाले. खिडकीच्या तावदानांवर प्लास्टरची पांढरी साय धरलेली असे, फळीवर ओळीने जबडे मांडलेले, आणि कोपऱ्यात पॉलिशचं मशीन. डॉक्टर मापं पाठवत, हे दात बसवून परत पाठवत. पण शेवटचं बसवून बघणं म्हाताऱ्यांना ह्यांच्याकडेच आवडे, कारण डॉक्टरांना घाई असे आणि ह्यांना नसे. कवळी तोंडात नीट बसली की नाही हे बघायला माणसाला बोलतं करावं लागतं. दुसरे कारागीर साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावतात, कारण त्यात 'स' ठासून भरलेला आहे आणि सैल कवळी 'स'लाच अडखळते. हे मात्र आरसा हातात देऊन म्हणत, "आजी, बोला काहीतरी. काहीही चालेल. भांडलात तरी चालेल."

आणि म्हातारी माणसं बोलत. नव्या दातांनी जुनं बोलत.

कवळीवाले लिहायला लागले ते त्यामुळेच. तेव्हा ते पंचविशीतले असतील. एका आजीबाईंनी कवळी बसवली, जबडा दोन वेळा हलवला आणि म्हणाल्या, "बरी आहे, पण डावीकडे अळुमाळ टोचतंय." अळुमाळ! म्हणजे थोडंसं, जरासं. हा शब्द त्यांनी फक्त आईच्या तोंडून ऐकलेला, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी कवळी घासून दिली, आजीबाई गेल्या, पण शब्द खोलीतच राहिला. संध्याकाळी त्यांनी तो कागदावर लिहून ठेवला. नुसता शब्द एकटा बरा दिसेना. त्याला बसायला वाक्य हवं, वाक्याला माणूस हवा, माणसाला घर हवं. आठवड्याभरात गोष्ट झाली. मग पुढची. ते सकाळी दुकान उघडायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत, आणि बायको चहाचा कप ठेवताना म्हणे, "आज कोण मेलं?" कारण त्यांच्या गोष्टींत बऱ्याचदा कुणीतरी मरत असे.

चार पुस्तकं झाली. पावतीपुस्तकं आणि हँडबिलं छापणाऱ्यानेच ती छापली, दर पानाला एखादी चूक स्वतःच्या पदरची घालून. गावातल्या पुस्तकाच्या दुकानात ती परीक्षेच्या गाइडांखाली दबलेली असत. कुणी विचारलंच तर दुकानदार म्हणे, "आहेत ना, पण अभ्यासाची घ्या की, उपयोगाला येतील." वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई मात्र प्रत्येक पुस्तक दोन वेळा वाचत आणि छपाईच्या चुका पेन्सिलीने सुधारून ठेवत. कधी एखादं पोस्टकार्ड येई. कधी वर्षभर काही येत नसे. दुकानात आलेलं एखादं गिऱ्हाईक म्हणे, "तुम्ही लिहिता म्हणे? कोण वाचतं हो आपल्या भाषेतलं? माझी नातवंडं तर बोलतसुद्धा नाहीत." कवळीवाले हसून म्हणत, "तोंड उघडा."

त्यांना एकच वाचक पक्का ठाऊक होता. तो पुढे येणार होता. ती म्हणजे त्यांची मुलगी.

लहानपणी ती खाताना दोन्ही गालांत घास साठवून ठेवायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू. तिला रोज झोपताना गोष्ट लागे, आणि प्रत्येक गोष्टीनंतर एकच प्रश्न. "खरं का, बाबा?" खोटी गोष्ट तिला चालायची नाही. खोटी म्हटलं की ती उठून बसे. म्हणून कवळीवाले सांगत, "खरं. अगदी आपल्या घरातलं." लिहून झालेली गोष्ट ते त्याच दिवशी तिला सांगत, माणसांना काका, मावशी, आजोबा करून. त्यांतली तिची सगळ्यांत लाडकी होती बुडीवाली आत्या.

ही आत्या तलावात बुडालेल्या माणसांना वर काढायची. पोहणारे, गळ टाकणारे हरले की लोक हिला बोलवायला यायचे. ती हातातलं काम टाकून निघायची. पायऱ्यांवर बसून आधी बुडालेल्याच्या घरच्यांना विचारायची, ह्याला घरी काय म्हणून हाक मारत होता? मग पाण्याला तोंड लावून बोलायची, अगदी रोजच्यासारखं. "चल गं, ऊठ. दूध ठेवलंय, उतू जाईल." किंवा, "अरे, दार वाजतंय, बघ कोण आलंय." तिचं म्हणणं, मोठमोठ्याने रडून कुणी वर येत नाही, घरातलं काम सांगितलं की माणूस उठतो. मग ती बुडी मारायची, आणि माणूस सापडायचा. शेवटी एके दिवशी तिचं लग्न ठरलं होतं तो मुलगाच पाण्यात गेला. आत्या पायऱ्यांवर बसून राहिली. हाक मारायला तोंड उघडलं, पण घरी त्याला काय म्हणतात हेच तिला ठाऊक नव्हतं.

खारू दर वेळी इथे रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट मागायची.

कवळीवाल्यांना बहीण नव्हती. ते एकुलते एक होते.

खारूला मोठ्या भाषेच्या शाळेत घालायचं दोघांनी मिळून ठरवलं. गावात दुसरं कुणी काय करत होतं? नोकऱ्या त्या भाषेत, दवाखाने त्या भाषेत, कोर्टही त्याच भाषेत. लवकरच ती दूरच्या शहरात वसतिगृहात गेली. आपली भाषा ती छान बोले, पण वाचायला बसवलं की अक्षराला अक्षर जोडताना तिला घाम फुटे. "सुट्टीत शिकेन, बाबा." पुढे कॉलेज आलं, नोकरी आली, लग्न झालं. कवळीवाले म्हणत, शिकेल. पन्नाशीला लोक चित्र काढायला शिकतात. एक दिवस तिला वाटेल, बाबांनी काय लिहिलंय बघूया, तेव्हा पुस्तकं हाताशी असली म्हणजे झालं. म्हणून प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवत.

खारूचं पुस्तक पार्सलने आलं. जाड पुठ्ठा, वर निळं पाणी, मागे खारूचा फोटो. कवळीवाल्यांना मोठी भाषा वाचता येई, पण अडखळत. बायकोने इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी केलेली, तिला ती सफाईने येई. दुपारचं जेवण आटोपलं आणि ती चष्मा लावून मोठ्याने वाचायला बसली. वाक्य वाचायचं, लगेच आपल्या भाषेत सांगायचं.

पुस्तकाच्या नावाखाली छापलं होतं, आमच्या घरातल्या सत्य आठवणी.

दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर ती थांबली. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"अहो, ही तुमच्या दुसऱ्या पुस्तकातली ना? ती पाण्यातली?"

"वाच पुढे."

तिने वाचलं. तलाव होता, पायऱ्या होत्या, लग्न ठरलेला मुलगा होता. सगळं होतं. सगळं पुस्तकच आत्याचं होतं. आत्याचं लहानपण, आत्याचे हात, आत्याचं गप्प होणं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," बायको शेवटी म्हणाली, "मला नणंद आहे हे आज कळलं. त्रास नाही दिला हो बिचारीने कधी."

दोघं हसले. आधी ती हसली, मग तेही. हसता हसता कवळीवाल्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले.

त्यांना आठवलं. दीड-दोन वर्षांपूर्वी खारूने फोन करून विचारलं होतं, "बाबा, आत्या दिसायला कशी होती रे? उंच होती का?" त्यांना वाटलं, पोरीला लहानपण आठवलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी भरभरून सांगितलं. उंच होती, केस आखूड कापलेले, डाव्या भुवईवर खूण होती. तिथल्या तिथे रचून सांगितलं. ते सगळं आता पुस्तकात होतं, भुवईवरच्या खुणेसकट.

"तिला खरंच वाटतंय," बायको म्हणाली. "चोरलं नाही हो तिने."

"चोरलं कोण म्हणतंय? मीच दिलं ना."

"मग सांगा तिला."

"काय सांगू?"

बायकोने चष्मा सारखा केला. तिने पान उलटलं. पुढे आत्या पाण्याशी बोलते ते होतं. बायकोने वाचलं, आणि कवळीवाले एकदम म्हणाले, "थांब. दूध कुठे गेलं?"

दूध नव्हतं. दार वाजत नव्हतं. पुस्तकातली आत्या डोळे मिटून पाण्याला प्रार्थना करत होती. हे आत्म्या, उजेडाकडे ये. बायकोने दोनदा वाचून पाहिलं. तेवढंच होतं.

"ती असं कधीच बोलणार नाही," कवळीवाले म्हणाले. बराच वेळ ते तेवढंच म्हणत होते, जणू खरोखरच्या बहिणीची कुणी बदनामी केली होती.

ग्रंथपाल बाई दुसऱ्याच दिवशी दुकानात आल्या. दात त्यांचे शाबूत होते, त्यामुळे येण्याचं कारण एकच असू शकत होतं.

"काका, मी वाचलं ते पुस्तक. ही तुमची गोष्ट आहे. शब्द न् शब्द नाही, पण हाडं सगळी तुमची. तुमचं पुस्तक माझ्या कपाटात आहे, वर्ष छापलेलं आहे त्यावर. तेव्हा तुमची मुलगी फ्रॉक घालत होती."

"हळू बोला, बाई."

"का हळू? आयुष्यभर हळूच बोललो आपण. कुणी म्हणालं, आपल्या भाषेत आहे काय? तर गप्प. आता त्याच भाषेतली गोष्ट बाहेर जाऊन पुरस्कार घेऊन आली, तरी गप्प?"

कवळीवाल्यांनी मशीन बंद केलं. "तिला माहीत नाही," ते म्हणाले. "तिला वाटतं, ती माझी बहीण होती."

बाईंना हे समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे तिने तुमची पुस्तकं..."

"तिला वाचता येत नाही. तुम्ही कुणाला बोलू नका. माझ्यासाठी."

बाईंनी मान हलवली, पण जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मी बोलणार नाही. पण मला हे आवडलेलं नाही."

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, जिची त्यांनी वीस-पंचवीस वर्षं वाट बघितली होती. आपल्या भाषेतली चांगली पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाकडे त्यांनी आपली पुस्तकं पाठवली होती. तिथल्या संपादकांचा फोन आला. चारही पुस्तकांतून निवडून एक मोठा संग्रह काढायचा, चांगल्या कागदावर, चुका न करता. कवळीवाले फोनवर बोलता बोलता उभे राहिले.

"एकच अडचण आहे," संपादक म्हणाले. माणूस सभ्य होता, चाचरत बोलत होता. "ती बुडीवालीची गोष्ट. संग्रहात ती सगळ्यांत उत्तम आहे, मी तिच्यावरूनच संग्रह सुरू करणार होतो. पण आता आम्ही ती छापली तर लोक म्हणतील, लेकीचं पाहून बापाने उचललं."

"माझी आधीची आहे."

"मला माहीत आहे. तसं आपण खाली छापू शकतो, मूळ गोष्ट अमुक वर्षीची, असं. पण मग मुलीच्या पुस्तकावर सत्य आठवणी लिहिलंय, त्याचं काय? दोघांपैकी एकाला जगाला उत्तर द्यावं लागेल. मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू. गोष्ट टीप देऊन ठेवायची, की काढायची, एवढं कळवा."

कवळीवाल्यांनी बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला.

"ठेवा," ती म्हणाली. "टीप द्या आणि ठेवा. पोरगी समजून घेईल. रागावली तरी माझीच आहे, काढीन मी समजूत. अहो, एवढी वर्षं पहाटे उठून टेबलाशी बसलात, ते कशासाठी? ह्याच एका फोनसाठी ना?"

"ती येतेय पुढच्या आठवड्यात. समोरासमोर सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

खारूचा सत्कार वाचनालयाच्या सभागृहात झाला. खुर्च्या कमी पडल्या. कवळीवाल्यांच्या एकाही पुस्तकाला त्या सभागृहात दोन रांगा भरल्या नव्हत्या, आज लोक खिडक्यांत बसले होते. त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, वाचता येणारही नव्हतं, पण आपल्या गावची मुलगी म्हणून त्यांचे ऊर भरून आले होते. अध्यक्ष बँकेचे निवृत्त मॅनेजर. ते म्हणाले, "आपल्या छोट्या भाषेच्या डबक्यातून बाहेर पडलं की माणूस कुठे पोचतो, ह्याचं हे उदाहरण. हिचे वडीलही थोडंफार लिहितात बरं का." लोकांनी मागे वळून कवळीवाल्यांकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या. ग्रंथपाल बाई उठून बाहेर निघून गेल्या.

खारू आपल्या भाषेत बोलली. जरा अडखळत, पण गोड. म्हणाली, "मी काही लेखक नाही. मी फक्त आमच्या आत्याला विसरले नाही." आणि वडिलांकडे बघून हसली. गालांत अजून लहानपणीचीच खळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, मला त्या पायऱ्या दाखव."

तलाव गावाबाहेर होता. दोघं चालत गेले. कवळीवाल्यांनी वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं. खारू, ऐक, तुला एक गंमत सांगतो, असं सुरू करायचं त्यांनी ठरवलं होतं. पायऱ्या होत्याच तिथे, शेवाळलेल्या. त्यांनी गोष्ट लिहिली तेव्हा त्या डोळ्यांसमोर होत्या. खारू खालच्या पायरीवर बसली आणि पाण्यात हात घातला.

"तिचा एखादा फोटो आहे का रे? नव्या आवृत्तीत घालायचा म्हणतात."

"नाही. तेव्हा कुठे फोटो?" हे उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप आलं, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखं. त्यांना स्वतःची चीड आली. आता बोलायचं, असं ठरवून ते तिच्या शेजारी बसले. "खारू, एक विचारू? त्या पुस्तकात आत्या प्रार्थना करते. दूध का नाही त्यात?"

खारू पाण्याकडे बघत राहिली.

"तुला कळलं?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलंच होतं, फक्त तुला कळेल. मी लिहून बघितलं, बाबा. तिकडच्या भाषेत ते नुसतं दूध होतं. आणि..." ती थांबली. "आणि मला ते कुणाला द्यायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"बाळ गेलं तेव्हा आई आली होती ना माझ्याकडे. ती यायच्या आधीचे दिवस तुम्हाला माहीत नाहीत. मी इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टर चांगले होते, नवरा चांगला आहे, सगळे चांगलं तेच बोलत होते. त्या भाषेत जे जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणून झालं. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. खरंच, पाण्याखाली असल्यासारखं. आणि मग एकदा आत्याचा आवाज आला. म्हणजे तुझाच, पण आत्याचा. चल गं, ऊठ. दूध ठेवलंय, उतू जाईल." तिने पाण्यातला हात काढून तोंडावर धरला. "मी उठले, बाबा. खरंच उठून बसले आणि नर्सला म्हणाले, गॅस बंद करा. तिला वाटलं, हिला वेड लागलं."

ती हसली आणि रडायला लागली. कवळीवाल्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आपल्या घरात अशी बाई होऊन गेली, एवढ्यावर मी उठले. गोष्टीतली असती तर नसते उठले. ती खरी होती म्हणून." ती त्यांच्याकडे वळली. "तुझी बहीण होती. तुला किती आठवण येत असेल."

कवळीवाले म्हणाले, "येते."

घरी आल्यावर बायकोने दारातच त्यांचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं. खारू असेपर्यंत ती काही बोलली नाही. गाडी गेल्यावर मात्र तिने तोंड उघडलं.

"नाही सांगितलंत."

त्यांनी तलावावरचं सगळं सांगितलं. इस्पितळ, भिंत, गॅस बंद करा. बायको खुर्चीत बसली. लेकीजवळ तिने तेव्हा महिनाभर काढला होता, आणि हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती पदराने डोळे पुसत राहिली, पण हट्ट तिने सोडला नाही.

"म्हणजे तुमच्या लिहिण्याने पोर वाचली. हे तरी तिला कळू दे की. बाप म्हणून नको, लिहिणारा म्हणून कळू दे."

"कळलं तर तिची आत्या जाईल."

"कधी नव्हतीच ती!"

"तिच्यासाठी होती. अगं, एक बाळ गेलंय तिचं. आता मी आत्या पण काढून घेऊ?"

"आणि तुमचं काय गेलं, ते कुणी मोजायचं?" बायको म्हणाली. कवळीवाले मागच्या खोलीत गेले आणि एक अर्धवट राहिलेली कवळी घासत बसले. इतकी घासली की ती पातळ होऊन वाया गेली, आणि पुन्हा करावी लागली.

संपादकांना त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, गोष्ट काढा. संपादक म्हणाले, "तिच्या जागी दुसरी एखादी द्याल?" कवळीवाल्यांनी एका शिंप्याची गोष्ट दिली. बरी होती.

त्यानंतर काही महिने ते टेबलाशी बसत, पण लिहीत नसत. दुकानात म्हातारे येत, बोलत, एखादा शब्द असा यायचा की पूर्वी हात कागदाकडे गेला असता. आता ते ऐकून घेत आणि म्हणत, "टोचत नाही ना? मग झालं." बायको चहाचा कप ठेवी, पण काही विचारत नसे. कधी कधी त्यांना वाटे, जिच्यासाठी लिहिलं तिच्यापर्यंत पोचलं, आता आणखी काय हवं? आणि लगेच वाटे, पोचलं ते कुणाचं होतं? ह्या दोन्हींमध्ये ते असे सापडले होते की बाहेर पडायला वाट नव्हती.

संग्रह आला तो खरोखर देखणा होता. चुका शोधून सापडेनात. ग्रंथपाल बाईंनी अनुक्रमणिका बघितली, पुन्हा एकदा वरून खाली बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. नोंद करून त्यांनी ते कपाटात उभं लावलं, पहिल्या रांगेत.

एक प्रत खारूला पाठवली. रविवारी सकाळी तिचा फोन आला. बायकोने फोन त्यांच्या हातात दिला आणि शेजारीच उभी राहिली.

"बाबा, काय सुंदर काढलंय रे! मी रोज हातात घेते. एक ओळ वाचली कालपासून, कुणा शिंप्याची." ती हसली. "एक! पण ह्या वेळी मनावर घेतलंय. बोट ठेवून ठेवून वाचणार. बरं, आत्याची गोष्ट कितव्या पानावर आहे? ती आधी वाचते."

कवळीवाल्यांनी बायकोकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. तिने मान खाली घातली.

"ती नाही त्यात," ते म्हणाले.

"नाही? मग आधीच्या पुस्तकांत असेल."

"नाही, बाळा."

"कुठेच नाही?" तिचा आवाज आता हळू होता, दुखावलेला, जपून वापरलेला. "बाबा, तू जन्मभर लोकांच्या आज्या, लोकांचे आजोबा लिहिलेस. कोण कुठला शिंपी लिहिलास. आणि स्वतःच्या बहिणीवर एक ओळ नाही?"

"जमलं नाही गं."

"इतकं अवघड होतं?"

"हो."

"रागावले नाही मी," ती म्हणाली. "मला कळतं, जवळच्या माणसाचं लिहिता येत नाही. असू दे. मी लिहिलंय ना. आपल्या घरातल्या एकाने लिहिलं, पुरे झालं."

"हो," कवळीवाले म्हणाले. "पुरे झालं."

मग तिने तिकडची हवा सांगितली, जावयाच्या नोकरीचं सांगितलं, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. कवळीवाल्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. फोन ठेवल्यावर ते तिथेच उभे राहिले. बायकोने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि स्वतः त्यांच्या समोर बसली. बाहेर कुणीतरी दुकानाची घंटा वाजवत होतं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.